मार्च आला, पॉलिसी आणा!

मार्च उजाडला की अंधेरी ते ठाणे, ऑफिसाऑफिसात एकच बोंब: ‘टॅक्स वाचवायचाय, एखादी पॉलिसी सांगा ना!’ अहो, पण तुम्ही नव्या करप्रणालीत आहात ना? तिथे ८०-सीची, म्हणजे विम्याचा हप्ता, बचत असल्या खर्चावरची करवजावट मिळतच नाही. मग वाचवताय काय, कपाळ? वर्षाला ५०,००० हप्ता, २० वर्षं गळ्यात आणि विमा जेमतेम ५ लाखांचा. मुंबईत त्यात घरच्यांचे किती महिने निघणार?

आणि पीपीएफ, ती सरकारी भविष्य निर्वाह बचत योजना! दीड लाख भरणार ते ३१ मार्चला, धापा टाकत. व्याज धरतात ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर. म्हणजे त्या मार्चचंही गेलं! तेच वर्षाच्या सुरुवातीला ५ एप्रिलच्या आत भरले असते, तर ७.१ टक्क्यांनी १०,६५० रुपये पदरात पडले असते. पण छे, साहेबांना मुहूर्त लागतो शेवटच्या दिवसाचाच.