त्याच्या जागी उभं राहू नका, त्याला विचारा

'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ' हा सल्ला मला फसवा वाटतो. त्याच्या जागी उभं राहतो तेव्हा सोबत आपलाच स्वभाव आणि आपलेच जुने राग घेऊन जातो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांत हेच तपासलं होतं: चेहऱ्यावरून भावना ओळखणं, खरं-खोटं हसू ओळखणं, जोडीदाराची आवड सांगणं. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून अंदाज अचूक होतात, असा ठोस पुरावा मिळाला नाही. उलट अचूकता थोडी घटलीच, आणि कधी कधी स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास मात्र वाढला. अंदाज सुधारला तो थेट बोलून, विचारून घेतल्यावर.

मेसेजमध्ये तर आवाजच नसतो. 'बरं.' एवढंच उत्तर आलं की आपण पूर्णविरामातसुद्धा राग वाचतो. लिहिणाराही तितकाच गाफील. मनातल्या मनात तो आपलं वाक्य योग्य सुरात ऐकत असतो, म्हणून आपला टोमणा किंवा थट्टा समोर पोचलीच असं धरून चालतो.

आता विचारायचं कसं? इथेच बहुतेकांचं बिघडतं. 'तू माझ्यावर चिडलायस ना?' हा प्रश्न नव्हे, निकाल आहे. त्यावर 'नाही रे' याशिवाय दुसरं काय येणार? आधी फक्त दिसलं-ऐकलं तेवढं सांगा: 'मीटिंगमध्ये मी बोलल्यावर तू गप्प झालास.' 'तोंड पाडून बसलास' म्हणालात की तुमचा अर्थ त्यात घुसला. मग, 'तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?' 'असं का केलंस?' टाळा, त्याने माणूस लगेच सफाई द्यायला लागतो. चारचौघांत विचारू नका. विचारल्यावर थांबा, शांतता अवघड वाटली तरी पर्याय सुचवू नका, नाहीतर तो त्यातलाच सोयीचा उचलेल. उत्तर आलं की आपल्या शब्दांत परत सांगून 'असंच ना?' एवढं विचारा. आणि ते पटलं नाही म्हणून 'खरं सांग' असा लकडा लावू नका. तसं करायचं असेल तर विचारलंच कशाला?

हे सगळं बरोबरीच्या नात्यात चालतं. साहेबाने हाताखालच्या माणसाला 'काही अडचण?' विचारलं तर 'नाही सर' हेच ऐकू येणार. तिथे भावनांऐवजी कामाबद्दल विचारावं: 'या पद्धतीत एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती बदलशील?'