लोडवर येस तव्हयच बसस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंचवीस दिवस आधीची गोष्ट. रात्रीचे पावणेबारा, बायको पोराला घेऊन पाचोऱ्याला माहेरी, आईबाबा गच्चीवर झोपलेले, म्हणजे वर्षातून एकदाच जुळून येणारा योग. मी गेममध्ये पुलापर्यंत पोचलो होतो. पूल अर्धा तुटलेला, खाली पेटलेली नदी, वर हेलिकॉप्टर, समोरून दहाबारा जण गोळ्या झाडताहेत, त्यात पाऊस, त्यात धूर, सगळं एकाच वेळी. मी पुलावर पहिलं पाऊल टाकलं आणि स्क्रीन काळी. आवाज मात्र अडकला, डर्रर्रर्रर्र, गिरणीचा पट्टा सटकल्यासारखा. मग गेम गायब आणि समोर डेस्कटॉप. डेस्कटॉपवर आमचा लग्नाचा फोटो आहे, त्यात बायको सरळ माझ्याकडे बघतेय.

परत लावला. परत पूल, परत काळं, परत बायको. असं चार वेळा.

याच्या मागचं सांगतो. कॉम्प्युटर आमचा २०१५ चा, घेतला तेव्हा त्यावर बाबांची पेन्शनची कामं आणि माझी गाणी एवढंच अपेक्षित होतं. गेमला मात्र ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारं वेगळं कार्ड. माझा भुसावळचा मित्र आता पुण्याला हिंजवडीत असतो, तो म्हणे, भो नवीन कार्ड कशाला घेतो, सेकंडहँड घे, मायनिंगची कार्डं पडली आहेत बाजारात. हे खरं होतं. इथेरियम नावाच्या डिजिटल नाण्यावाल्यांनी १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगची पद्धतच बंद केली, आणि तोवर रात्रंदिवस नाणी पाडणारी लाखो ग्राफिक्स कार्डं बेरोजगार झाली, त्यातली काही फिरत फिरत जळगावात आली. मला मिळालं ते आरएक्स ५८०, आठ जीबीवालं, मूळ २०१७ चं मॉडेल. दुकानदाराने मात्र मायनिंगचा शब्द काढला नाही. तो म्हणाला, "एका डॉक्टरांनी वापरलेलं आहे भाऊ, फक्त एक्स-रे बघायचे त्याच्यावर." आपल्याकडे सेकंडहँड मोटारसायकलपासून फ्रिजपर्यंत सगळं डॉक्टरांनीच वापरलेलं असतं. घरी येऊन बघितलं तर कार्डाच्या मागे मार्करने ३४ लिहिलेलं. म्हणजे डॉक्टरांकडे निदान चौतीस तरी असावीत, प्रॅक्टिस चांगली चालत असणार.

बसवताना दुकानदार जरासा थबकला होता, कारण आमच्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, त्या कार्डाची आठ पिनची वायरच नव्हती. पण तो लगेच "नो टेन्शन" म्हणाला, ड्रॉवर उघडला, खालून एक कन्व्हर्टर काढला, एका बाजूला आठ पिन आणि दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्कला असते तसली चपटी पिन, खट्कन लावला, यूट्यूबवर एक व्हिडिओ चालवून दाखवला, मी खुश. कन्व्हर्टरचे पैसे पण घेतले नाहीत त्याने, मला तो माणूस फार दिलदार वाटला तेव्हा.

तर क्रॅश. मित्राला फोन लावला, तो म्हणे ड्रायव्हर. म्हणजे माणूस नाही, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. जुना काढ, नवा टाक, पण साधा काढू नको, डीडीयू नावाचं एक प्रोग्राम आहे त्याने काढ, सेफ मोडमध्ये जाऊन, मुळासकट निघतो. मी रात्री एक वाजता सेफ मोडमध्ये. सेफ मोडमध्ये स्क्रीनवर सगळं एवढं मोठ्ठं दिसतं की पाणी प्यायला खाली आलेले बाबा मागे उभे राहून चष्म्याशिवाय वाचायला लागले आणि म्हणाले, "हे चांगलं केलं तू, असंच राहू दे." नवा ड्रायव्हर टाकला. पूल. डर्रर्रर्र. मग मित्र म्हणे नवा नको, त्याच्या आधीचा टाक. त्याच्या आधीचा टाकला. मग त्याच्याही आधीचा. एका आठवड्यात मी एवढे ड्रायव्हर बदलले की एसटीच्या डेपो मॅनेजरनेही बदलले नसतील.

मग कोणीतरी सुचवलं इव्हेंट व्ह्यूअर बघ. विंडोज सगळ्या भानगडींची रोजनिशी लिहिते हे मला माहीतच नव्हतं. उघडलं तर आपलं पिवळ्या त्रिकोणांचं शेत, आणि प्रत्येक क्रॅशच्या वेळेला इव्हेंट ४१०१, त्यात लिहिलेलं की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो यशस्वीरीत्या सावरला आहे. सावरला! तो सावरला, छान झालं, मी तीन रात्री झोपलो नाहीये त्याची एंट्री कुठे आहे?

यामागची भानगड अशी की विंडोज कार्डाला काम देते आणि दोन सेकंद वाट बघते. दोन सेकंदात कार्ड काही बोललं नाही तर विंडोज धरते की हे गेलं, आणि त्याला गदागदा हलवून परत उभं करते, याला टीडीआर म्हणतात. त्या हलवाहलवीत विंडोज वाचते, गेम मरतो. दोन सेकंद! नळाची वाट बघण्यात ज्याचं बालपण गेलं त्याला दोन सेकंद म्हणजे काय वाटणार. मी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, घुसलो आणि दोनाचे दहा केले, म्हटलं घे बाबा, दमाने घे. त्याचा फायदा एवढाच झाला की आधी दोन सेकंद डर्रर्र व्हायचं ते आता दहा सेकंद व्हायला लागलं, आणि गच्चीवरून आईचा आवाज आला, "मिक्सर कोण लावतंय रे एवढ्या रात्री?"

मग उष्णता. ही मात्र मला स्वतःला पटलेली थिअरी होती, कारण एप्रिलमध्ये जळगावात कोणतीही गोष्ट बिघडली की पहिला संशय उन्हावरच जातो, आणि बहुतेक वेळा तो खरा असतो. घरातला थर्मामीटर रात्री साडेअकराला ३७ दाखवत होता, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ते परत करत बसतो. आता पंखा कितीही जोरात फिरला तरी हवाच ३७ ची असेल तर कार्ड त्याच्या खाली जाणार कसं? पुलावर कार्डाचं तापमान ८४. मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडला आणि अख्खा कूलर ढकलत आणून त्याच्या तोंडासमोर लावला. कॅबिनेटमध्ये गारेगार वारा, सोबत ओल्या गवताचा वास, आणि पाच मिनिटांनी मदरबोर्डावर बारीक बारीक थेंब. आईने सकाळी बघितलं, म्हणाली, त्याला पण मोरीवर नेऊन आंघोळ घाल एकदाची.

कूलर मागे नेला आणि थर्मल पेस्ट बदलायला घेतली. कार्डाच्या चिपच्या आणि वरच्या धातूच्या ठोकळ्याच्या मधे एक पेस्ट असते, चिपची उष्णता त्या ठोकळ्यात उतरवायला. चौतीस नंबरवाल्याची पेस्ट वाळून त्याचे पापुद्रे झाले होते, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे नखाने निघत होते. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असते. मी वाटाणा म्हणून लावला तो हरभऱ्याएवढा निघाला, पुसला, परत लावला, तोवर बोटाला, मग नाकाला, मग चष्म्याला. पण काम झालं. तापमान ८४ चं ७४ वर आलं. आणि गेम? पूल, पहिलं पाऊल, डर्रर्रर्र. आता फक्त थंड डोक्याने क्रॅश होत होता.

मग मी माणसातून उठलो. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पोराच्या खोडरबराने घासल्या. रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली, सकाळी शून्य एरर, मला वाईट वाटलं. गेम पुसून परत डाऊनलोड केला, नव्वद जीबी, दोन दिवस घरात कोणाचाच व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो उघडला नाही. सगळी सेटिंग्ज लो वर आणली, तर पूल मातीच्या ढेकळांचा दिसायला लागला, पण एक झालं, पुलाच्या मध्यापर्यंत पोचलो आणि मग बंद. ही फार मोठी खूण होती, पण मी तेव्हा तिच्याकडे खूण म्हणून नाही, प्रगती म्हणून बघितलं.

या सगळ्या दिवसांत मित्र रोज विचारायचा, झाला का पूल पार? आणि मी रोज सांगायचो, अरे हा क्रॅश नसता तर कधीच झाला असता, माझा हात एवढा बसलाय त्या पुलावर.

आखाजीला चार दिवस राहिले आणि चोपड्याहून मामा आला. मुराळी म्हणून. आई साठीची, मामा पासष्टचा, तरी दरवर्षी आखाजीला तो बहिणीला न्यायला येतो, एसटीने, हातात कैऱ्यांची पिशवी, डोक्यावर टोपी. मामाची केळी आहे, विहीर आहे, बोअर आहे, आणि तो एकदा बोलायला लागला की पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. रात्री कूलर जिथे तिथे मामाची खाट, म्हणजे कॉम्प्युटरच्या शेजारी. मी म्हटलं मामा झोपला असेल, आवाज बारीक करून हळूच गेम लावला. पूल. डर्रर्रर्र.

"हाई काय व्हयनं?" मामा उठून बसला.

"काही नाही मामा, कार्ड खराब आहे."

"रेशननं?"

मी सगळं समजावलं. ड्रायव्हर, टीडीआर, पेस्ट, अगदी ४१०१ सुद्धा. मामा तंबाखू मळत ऐकत होता, त्यातलं काही त्याला कळलं असेल असं मला वाटलं नाही. शेवटी त्याने एकच विचारलं, "रिकामं ऱ्हायनं तं चालस?"

म्हटलं हो, नुसतं चालू ठेवलं, पिक्चर बघितला, ऑफिसचं काम केलं, दिवसभर चालतं. गेम लावला, त्यातही धावपळ वाढली की बंद.

"म्हंजे लोडवर येस तव्हयच बसस."

"हो."

"मंग केबल बारीक शे तुन्ही."

आणि मग त्याने बोअरच्या मोटरीची गोष्ट सांगितली. साडेसातची मोटर, चालू व्हायची, पाणी वर चढायला लागलं की धाप लागून बंद. मेकॅनिक म्हणे मोटर जळाली, वर काढा. भर उन्हात अडीचशे फुटावरून मोटर वर काढली, तिपाई घोडा लावून, चार माणसं लावून, आणि मोटर ठणठणीत. केबल बारीक निघाली. मोटरीला पाहिजे तेवढं व्होल्टेज त्या केबलमधून खाली पोचतच नव्हतं, केबल गरम करण्यातच रस्त्यात पडत होतं. "मोटर जयेल नही व्हती," मामा म्हणाला, "तिले दम मियत नही व्हता. वायरले हात लाई देख."

मी हसलोच. मामा, ही काय बोअर आहे का. पण हात लावून बघायला काय जातं म्हणून गेम परत चालू केला, उघड्या बाजूने हात घातला आणि त्या फुकटच्या कन्व्हर्टरला धरलं. चहाचा स्टीलचा पेला धरल्यासारखं झालं, सोडलाच हात. कॉम्प्युटर बंद करून पिन उपसली तर पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्याला तपकिरी झालेलं, जरासं वाकलेलं, आणि वास, जळक्या रबराचा, जो मी तीन आठवडे कूलरच्या गवताचा समजत होतो.

नंतर बसून हिशोब केला तेव्हा मलाच लाज वाटली. हे कार्ड भरात आलं की १८५ वॅटपर्यंत खातं. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात, म्हणजे उरलेले शंभराच्या वर त्या वायरीतून यायला पाहिजेत. आठ पिनची खरी वायर १५० ला बनवलेली असते. पण आमची वायर शेवटी त्या चपट्या साटा पिनवर येऊन टेकत होती, आणि साटा पिनला १२ व्होल्टचे जेमतेम साडेचार अँपिअर झेपतात, म्हणजे ५४ वॅट. ती बिचारी हार्ड डिस्कसाठी जन्माला आलेली. तिच्यावर दुप्पट ओझं, आणि मी ड्रायव्हर बदलतोय! सेटिंग्ज लो केली तेव्हा ओझं कमी झालं म्हणून पुलाच्या मध्यापर्यंत गेलो होतो. आणि एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं, पण खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर फक्त १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट, त्यात प्रोसेसर पण आला आणि कार्ड पण. कामाचा आकडा तो बारीकवाला असतो, आणि तो कोणी बघत नाही, मीही दहा वर्षांत बघितला नव्हता.

हिंजवडीच्या मित्राला फोन करून सांगितलं. तो जरा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "मी पण हेच म्हणणार होतो भो."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आणला, आठ पिनची स्वतःची वायर असलेला, चार हजार गेले. मामा चोपड्याला निघायच्या आधी थांबला, म्हणाला, "चालू कर आते, देखू दे." मी पुलावर पाऊल टाकलं. काही झालं नाही. दुसरं टाकलं. हेलिकॉप्टर आलं, नदी पेटली, गोळ्या सुटल्या, धूर, पाऊस, सगळं व्यवस्थित चालू, मामाने वायरला हात लावून बघितला आणि समाधानाने मान हलवली, "गार शे." आई पिशवी घेऊन दारात उभी, बस चुकेल म्हणून ओरडतेय. आणि तेवढ्यात मला गोळी लागली, मी मेलो.

"हाई काय व्हयनं?"

"मेलो मामा."

"मशीन?"

"नाही, मी."

मामा काही बोलला नाही. टोपी नीट केली आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन निघाला.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्या पुलावर एकोणतीस वेळा मेलोय. कार्ड ७२ वर स्थिर, वायर गार, इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ, ४१०१ औषधाला नाही. शेवटच्या खांबाच्या मागे एक जण लपलेला असतो, तो मला दर वेळी मारतो, आणि तीन आठवडे तो तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं कारण त्याच्यापर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो. काल मित्राचा मेसेज आला, "झाला का पूल पार?"

मी लिहिलं, "अरे नवीन ड्रायव्हरमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे."