ओढण्याची ताकद आणि थांबण्याची

गेल्या चवथीच्या दिवसांत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. माझी कामावरची पिकअप, तिच्यामागे लांब ट्रेलर, ट्रेलरवर सात टनांचा एक्सकॅव्हेटर आणि पाठीमागे कोलोरॅडोचे डोंगर. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून, म्हणजे गावाकडून, सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या चुलतभावाचं मात्र वेगळं उत्तर आलं. त्याचा स्वतःचा टिप्पर आहे, खनिजाच्या खेपा मारतो. त्याने लिहिलं, "दादा, तुझ्या तिथे एकटा माणूस पिकअपला सात टन बांधून डोंगर चढतो आणि कोणी हाक मारत नाही. इथे माझा टिप्पर दहा टन घेऊन वाड्यावरून गेला की अख्खा गाव रस्त्यावर उतरतो. मग सांग, मागासलेलं कोण?"

दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आमच्या घराने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी डेन्व्हरच्या बाहेर एका यार्डात काम करतो. बांधकामाची यंत्रं आम्ही भाड्याने देतो आणि ती डोंगरातल्या साइटवर पोचवायची असतात. त्यासाठी रॅम ३५०० आहे, मागे चार चाकांची, ६.७ लिटरच्या सहा सिलिंडर कमिन्स डिझेल इंजिनची. अशा गाड्यांना इथे हेवी ड्यूटी म्हणतात. फोर्डच्या सुपर ड्यूटीमध्ये मिळणारं सर्वात दमदार डिझेल इंजिन ५०० अश्वशक्ती आणि सुमारे १,६२७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायलक्सचा टॉर्क ५०० च्या आसपास, यावरून अंदाज यावा. फोर्ड एफ-४५० ची ओढण्याची कमाल मर्यादा १८ टनांपर्यंत जाते. भावाने हेच आकडे कुठेतरी वाचले असणार.

पण जाहिरातीतला आकडा आणि गाडीच्या दारावरचा आकडा एक नसतो, आणि कामाला लागल्यावर मी पहिली गोष्ट शिकलो ती हीच. ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या चौकटीवर दोन स्टिकर असतात. एकावर भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन, दुसऱ्यावर माणसं आणि माल मिळून किती भार घालता येईल तो. याच जातीची एक पायरी खालची डिझेल पिकअप घेतली तर तिची एकूण मर्यादा साधारण ४,५०० किलो असते. जड इंजिन, चार दारं, फोर व्हील ड्राइव्ह धरून ती रिकामीच ३,४०० किलोच्या घरात जाते. म्हणजे हातात उरले जेमतेम अकराशे किलो. आता तिला गूजनेक ट्रेलर लावा. त्याचा जोड मागच्या बंपरला नसतो, हौद्याच्या मधोमध, अ‍ॅक्सलच्या वर बसतो, आणि ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार सरळ गाडीवर येतो. सात टनांच्या ट्रेलरचा २० टक्के भार धरला तरी चौदाशे किलो. इंजिनला तो ट्रेलर ओढायला काहीच कष्ट नाहीत, पण ती गाडी जागची हालण्याआधीच मर्यादेबाहेर गेलेली आहे. मागे चार चाकं असलेली माझी गाडी याच हिशेबामुळे लागते, हौसेमुळे नाही.

बाबांकडे टाटाचा १६१३ होता. गोव्यात ज्यांनी खाणीचे दिवस पाहिले त्यांना हा आकडा सांगायला नको. १६ म्हणजे एकूण टन आणि १३ म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती. ट्रकच्या नावातच वजन होतं. रिकामा ट्रक सहा टनांच्या आसपास, म्हणजे खनिज दहा टन. लोहखनिज इतकं जड की हौदा अर्धा दिसत असतानाच दहा टन होतात. रिकामी दिसणारी ती जागा भरायचा मोह, आणि भरून घेणाऱ्याचा आग्रह, हा सगळ्या गोष्टीचा उगम आहे. दारावरचा आकडा आमच्याकडेही रंगवलेला असायचा. तो वाचणारं कोणी नव्हतं.

आता भावाच्या म्हणण्यात खरं किती? बरंच आहे. इथे मला कोणी हाक मारत नाही, कारण माझ्या वाटेवर कोणाचं अंगणच येत नाही. इंटरस्टेट ७० या महामार्गावर घरं बहुतेक रस्त्यापासून दूर असतात. धूळ, आवाज, कंप हे सगळं आहे, फक्त ते कोणाच्या स्वयंपाकघरात जात नाही. सत्तरीतल्या सोनशी गावात ते जात होतं. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी धुळीला आणि रांगेला कंटाळून खनिजाचे ट्रक अडवले आणि गावकऱ्यांना अटक झाली. मी तेव्हा गोव्यात होतो. आमच्या घरात ट्रक होता, तरीही मला त्या लोकांचं म्हणणं पटलं होतं आणि आजही पटतं. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या पुढे खनिज बाहेर जात होतं. दहा टनांच्या हिशेबाने पन्नास लाख खेपा. सगळ्या गावातून गेल्या नसतील, पण त्यातल्या कितीतरी धक्क्यावरच्या बार्जपर्यंत दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या रस्त्याने गेल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, तरी वीस लाख खेपा होतातच. गाव उभं राहिलं त्याला मागासलेपण म्हणणं मला मान्य नाही.

भावाला वाटतं इथे सगळी मोकळीक आहे. तसं नाही. ट्रक आणि ट्रेलर मिळून ठरवलेली मर्यादा ११.८ टनांवर गेली आणि ट्रेलर साडेचार टनांहून मोठा असला, की पिकअप असली तरी व्यावसायिक परवाना लागतो. मला तो काढावा लागला. परीक्षेचा मोठा भाग गाडी चालवण्याआधीच्या तपासणीचा होता: ब्रेक, साखळ्या, टायर, जोडाची कुलपं, एकेक वस्तूला हात लावून तोंडाने सांगायचं.

पहिल्याच महिन्यात मी एका छोट्या ट्रेलरवर यंत्र उलटं चढवलं. जड भाग मागे गेला. साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर असायला हवा, तो तेवढा राहिला नाही. ताशी ९० च्या वेगाला ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. गाडीत ताकद भरपूर होती आणि त्या क्षणी तिचा काडीचा उपयोग नव्हता. मी पायाचा ब्रेक न लावता फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबले, वेग हळूहळू उतरला आणि कडेला घेतलं. त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "उतरणीवर नव्हतास ना?"

बाबांचा सगळा धडा उतरणीचा होता. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, हे त्यांनी मला चोर्ला घाटात शिकवलं. इथे आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा चढ सुमारे १३ किलोमीटरचा, सात टक्क्यांचा आहे आणि बोगदा ३,४०० मीटर उंचीवर. हवा विरळ होते, पण हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोमुळे डिझेल इंजिन फारसं दमत नाही. चढणं कोणालाही जमतं. पलीकडे उतरताना एक्झॉस्ट ब्रेक इंजिनलाच अडवून धरतो आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. तो नसेल किंवा वापरला नाही, तर ब्रेक तापून निकामी होतात. मग ट्रकला वर चढत जाणाऱ्या वाळूखडीच्या पट्ट्यात घुसवायचं, यासाठी रस्त्याच्या बाजूला खास वाट ठेवलेली असते. एप्रिल २०१९ मध्ये याच रस्त्यावर डेन्व्हरजवळच्या लेकवूड इथे लाकूड नेणाऱ्या एका ट्रकचे ब्रेक गेले. तो ही वाट सोडून पुढे आला आणि थांबलेल्या गाड्यांवर आदळला. चार माणसं मेली. तरुण ड्रायव्हरला ११० वर्षांची शिक्षा झाली, पुढे गव्हर्नरने ती १० वर्षांवर आणली. रस्ता मोठा, नियम कडक, खडीची वाटही होती. तरी हे झालं. म्हणून अमेरिकेत सगळं बरोबर आहे असं मी भावाला कधीच सांगणार नाही.

धुराबद्दल तर नाहीच. या गाड्यांवर धूर साफ करणारी यंत्रणा असते: काजळी अडवणारा फिल्टर, धुरात डीईएफ नावाचं द्रव फवारणारी यंत्रणा आणि त्याची टाकी. ती काढून टाकण्याचा इथे मोठा धंदा आहे आणि तो बेकायदा आहे. पर्यावरण खात्याच्याच २०२० च्या अंदाजाप्रमाणे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरून ही यंत्रणा काढली गेली. काही जण मुद्दाम काळा धूर सोडतात, सायकलवाल्यावरसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने १६७ कोटी डॉलरहून जास्त दंड मान्य केला, कारण लाखो रॅम पिकअपच्या इंजिनांत तपासणीला फसवणारी व्यवस्था असल्याचा सरकारचा आरोप होता. मी ज्या इंजिनावर पोट भरतो त्याचाच हा इतिहास आहे. आणि शेजारपाजारच्या कितीतरी पिकअपना मी वर्षानुवर्षं ट्रेलर लागलेला पाहिलेला नाही. त्या फक्त मुलांना शाळेत सोडतात.

ग्रुपवर एका भाच्याने विचारलं की अशी एखादी गोव्यात आणता येईल का. नको. माझी गाडी मागून जवळपास अडीच मीटर रुंद आहे. आमच्या वाड्याच्या रस्त्यावर ती आणि कदंबाची सरकारी बस समोरासमोर आली तर एकीला गडगा मोडावा लागेल.

मग सत्तरी-डिचोलीत काय हवं? २०१२ ची बंदी, २०१८ मध्ये रद्द झालेली ८८ लीजं, दोन्ही वेळा अंगणात उभे राहिलेले ट्रक आणि बँकेचे हप्ते मी पाहिले आहेत. खाण परत चालू होताना गावातून वाहतूक नको, वेगळा रस्ता करा, ही मागणी मला पूर्ण रास्त वाटते, आणि तो रस्ता होईपर्यंत गावाला थांबा म्हणणं रास्त वाटत नाही. कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पण तो भरतो ट्रकवाला, भरून देणारा वजनकाट्यावरून मोकळा निघून जातो. मला वाटतं प्रत्येक खेपेची काट्याची चिठ्ठी पंचायतीला दिसावी, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेला ट्रक काट्यावरून सुटलाच तर जाब काटा चालवणाऱ्याला विचारावा.

हे सगळं मी भावाला लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, तुला तासाचे पैसे मिळतात. मला टनाचे. तू एक्झॉस्ट ब्रेक लावून सावकाश उतरलास तरी तुझा पगार तोच. मी सावकाश उतरलो तर एक खेप कमी." तो चुकलेला नाही. इथल्या ड्रायव्हरला एका पाळीत ११ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि मोठ्या ट्रकांत तासांची नोंद यंत्रच ठेवतं, तरी मैलावर पैसे घेणारे घाई करतातच. पण निदान रात्री आठव्या खेपेसाठी कोणी धावत नाही. भावाने पुढे विचारलं, की टनाचा दर ठरवायच्या बैठकीत सोनशीचं कोणी बसलेलं तुला आठवतं का. मला आठवत नाही. त्याला ही गोष्ट येत्या बैठकीत मांड म्हटलं, आणि बाबांना बरोबर ने म्हटलं.