परळ वेगळं, लोअर परळ वेगळं

मुंबईत कसं फिरायचं यावर भरपूर लिहिलं जातं, पण ते गेटवे आणि मरीन ड्राइव्ह बघायला येणाऱ्यांसाठी. मी वर्षातून सात-आठ वेळा जातो ते आमच्या अण्णांची कर्करोगाच्या उपचाराची फाईल काखेत मारून. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी दादर, तिथून परळचा दवाखाना. दादर ते परळ एकच स्टेशन, तिकीट पाच रुपये. पहिल्या खेपेला तेवढ्यासाठी आमचा दीड तास गेला.

झालं असं की दादरच्या पुलावर एकाला विचारलं. तो चालता चालताच म्हणाला, "पलीकडं जा, कुठलीही स्लो पकडा." गेलो पलीकडं. ती पश्चिम रेल्वे. पहिलं स्टेशन आलं प्रभादेवी, ते सोडलं. पुढचं लोअर परळ. नावात परळ दिसल्यावर उतरलोच की! नंतर कळलं, परळ स्टेशन मध्य रेल्वेवर, आणि आम्ही सोडलेल्या प्रभादेवीहून नुसता पूल ओलांडला की परळ. त्यात जुनी माणसं प्रभादेवीला अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. नाव २०१८ साली बदललं.

बाहेर येऊन मी रिक्षा शोधायला लागलो. पानवाल्याने मी बैलगाडी मागितल्यासारखं बघितलं. सायन-वांद्र्याच्या या बाजूला रिक्षा येतच नाहीत, हे मुंबईत शाळेच्या पोरालाही ठाऊक असतं. सोलापूरच्या माणसाला कोण सांगणार? दोन टॅक्सीवाल्यांनी जवळचं भाडं म्हणून मान हलवली. तिसऱ्याने मीटर टाकून नेलं, तेही अण्णांना हात देऊन बसवून. म्हणजे माणसांबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईचा माणूस थांबत नाही, पण सांगतो. फक्त तो जे सांगतो ते पासवाल्याला कळेल असं असतं. "वेस्टला उतरा, ब्रिजवरनं खाली या." अहो, आमच्याकडे रस्ता सांगतात तो सात रस्ता आणि पार्क चौकाच्या हिशेबाने. पूर्व-पश्चिम आम्ही देवघर कुठं ठेवायचं तेव्हा बघतो.

फलाटावर येणारी गाडी कुठली ते दाखवणाऱ्या इंडिकेटरचंही तेच. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, इथवर डोकं चालतं. पण एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत? कल्याणपुढे ईशान्येची लाईन कसाऱ्याची आणि आग्नेयेची कर्जतची, त्या दिशांच्या इंग्रजी नावांवरनं ही अक्षरं आली म्हणे. आणि स्लो गाडीलाही एसच! रोजच्या माणसाला हे पाठ असतं. हातात एक्स-रेची पिशवी आणि सोबत सत्तरीचा पेशंट असला की ते कोडं सोडवायला वेळ नसतो.

हे बदलता येत नाही असं मला कोणी सांगू नये. दादरला पूर्वी एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिमेचा, एक मध्यचा. "एक नंबरला ये" म्हटलं की दोघं दोन ठिकाणी उभे. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या फलाटांना सलग नंबर दिले. एक ते सात पश्चिम, आठ ते चौदा मध्य. ना नवा फलाट बांधला, ना जमीन घेतली. पाट्या बदलल्या, एवढंच.

आणखी एक गोष्ट आम्हाला तिसऱ्या खेपेला कळली, तीही डब्यातल्या एका बाईंकडून. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या पेशंटलाही बसता येतं. डब्यावर लिहिलेलं असतं हो, पण गाडी येते, दार समोर येतं, तेवढ्यात कोण वाचतंय? तोवर दोन खेपा अण्णा जनरल डब्यात खांबाला धरून उभे राहिले होते. कोणी वाचत असेल ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांनी कागदपत्रं पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावीत आणि सरळ त्या डब्यासमोर उभं राहावं. लाजू नये.

माझं म्हणणं इतकंच आहे की बाहेरून येणारा प्रत्येक जण पर्यटक नसतो. परळला उतरणाऱ्यांत माझ्यासारखे किती तरी असतात, कोणी बीडचा, कोणी पार बिहारमधला. त्यांच्यासाठी पूर्व-पश्चिम कशाला लिहायचं, दवाखान्याचं नाव आणि बाण काढा. तोही जिना उतरायच्या आधी दिसेल असा.

मागच्या खेपेला एका स्टेशनच्या पुलावर (स्टेशनचं नाव लिहीत नाही) मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याने खोक्याचा पुठ्ठा फाडून टांगला होता. त्यावर निळ्या स्केचपेनने "हॉस्पिटल" आणि खाली जाड बाण. पावसाने अर्धा बाण ओघळला होता. मी विचारलं, "हे तुम्ही लावलं?" तर म्हणाला, "काका, दिवसभर तेच विचारतात. धंदा कधी करायचा?"

सरकारी पाटी होती म्हणा. पूल संपल्यावर, उलट्या तोंडाची.