गादीखालचा कोयता

मंडळी, परवा रात्री दुकान बंद करताना समोरचे रिक्षावाले भाऊ शटरला हात लावत हळूच म्हणाले, "मी पण एक आणून ठेवलाय. गादीखाली." एक म्हणजे कोयता. बोहरी आळीतून आणला की गावाहून, विचारलं नाही. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बिबवेवाडीत अप्परच्या बाजूला राहतो, खाली किराणा दुकान, वर घर. 'कोयता गँग' हा शब्द 2022 संपता संपता पेपरात रोजचा झाला. वाचून वाटतं एखादी मोठी टोळी असेल. तसं काही नसतं. सतरा-अठरा वर्षांची चार पोरं, दोन गाड्या, आणि कुणाशी तरी बिनसलेलं. ज्याच्याशी बिनसलं तो सापडत नाही, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या गाड्या फोडायच्या. झाली दहशत. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे राबणारी नवरा-बायकोची जोडी, उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) त्यावर ठरते. त्या शब्दाची पुण्यात येऊन ही गत झाली.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीची पाळी आली. रात्रीचे दोन वाजून गेलेले. आधी शिट्ट्या, मग काचा. मी उठून थेट कडीला हात घातला. बायकोने मागून बनियन धरलं. "गाडीचा विमा आहे ना? मग झोपा." गंमत म्हणजे तोही धड नव्हता. सकाळी सुपलीत काचा भरताना कळलं की स्कूटीचा विमा नुसता थर्ड पार्टी. त्यात आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही, तोडफोडीचे पैसे हवे असतील तर स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारी पॉलिसी लागते. रिक्षावाल्या भाऊंचंही तेच. पुढची काच, दोन्ही आरसे, फाटलेलं हूड आणि बुडालेला धंदा, सगळं खिशातून. आपल्याकडे निम्म्या गाड्या अशाच असतील. आज घरी गेल्यावर तो कागद एकदा काढून बघा.

पण कडी उघडली असती तर? मी बावन्न वर्षांचा, गुडघा दुखतो, हातात फार तर झाडू. समोर चौघे, त्यातले दोघे नशेत. आणि समजा हातात भाऊंचा तो कोयता असता. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेची (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची) 34 ते 44 ही कलमं त्याचीच आहेत. पण बचावाला लागेल तेवढंच करता येतं. पोरगा पाठ फिरवून पळायला लागला आणि तुम्ही मागे धावून वार केलात, की आरोपी तुम्ही. तो अठराच्या आतला असेल तर तो जाणार बाल न्याय मंडळापुढे आणि तुम्ही जेलात. आणि चौघांनी तुमच्याच हातातला कोयता हिसकावला तर ते पुढचं बोलायलाच नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रात्री कुणीही बाहेर पडायचं नाही. दिवा लावायचा नाही, गॅलरीत उभं राहून शूटिंग करायचं नाही, आतून 112 लावायचा. खरी हिंमत दाखवायची ती सकाळी, आणि तिथेच आपण शेपूट घालतो. त्या दिवशी अकरा गाड्या फुटल्या आणि चौकीत गेलो आम्ही तिघे. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाकीचे कुठायत?" मला खरंच लाज वाटली. तिघांची नावं त्या पोरांच्या लक्षात राहतात. अकरा घरं, त्यात बाया, म्हातारी माणसं, सगळी एकदम गेली तर ती पोरं कुणाकुणाच्या दारात उभी राहणार? दुसऱ्या दिवशी मी आणि बायको घरोघर फिरलो. नऊ जण आले. एका काकूंनी दार किलकिलं करून सांगितलं, "आम्हाला इथंच राहायचंय." अहो, आम्हाला काय लंडनला जायचंय?

कॅमेऱ्याचंही ऐका. सोसायटीचा कॅमेरा तिसऱ्या मजल्यावर, त्यात दिसली फक्त टाळकी. शिवाय घड्याळ चाळीस मिनिटं मागे. माझा दुकानाचा खाली होता, तोंडाच्या उंचीवर, म्हणून चेहरे आले. फुटेज कोर्टात टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) 63व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, ते पोलिसांना विचारून वेळेवर द्या. आणि लगेच कॉपी काढा, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं पुसून वर नवं भरत राहतो. व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र टाकू नका, कुणी काढलंय ते त्यांना कळतं आणि फुकटचं रील मिळतं.

आणखी एक टोचणारं बोलतो. गाड्या फोडणाऱ्या या पोरांतल्याच एकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला गल्लीने वर्गणी दिली होती. मीही दोनशे रुपये दिले होते. कोयत्याने केक कापला तेव्हा समोर उभा राहून खाल्लासुद्धा.

तोच पोरगा महिन्याभराने सुटून आला. संध्याकाळी दुकानात उभा. "काका, ओळखलं का?"

"ओळखलं," म्हटलं. "तुझ्या आईची उधारी आहे, एकशे चाळीस."

त्याने खिसे चाचपले. नव्वद निघाले. वहीत पन्नास बाकी लिहून ठेवले.