ग्रीन क्ले स्मिथ यांचे ‘ते एक मत’

अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक ग्रीन क्ले स्मिथ यांच्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. १८६४ मध्ये लिंकन यांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना मिळायची, ती एका मताने (कुणी म्हणते अर्ध्याच मताने) हुकली आणि अँड्र्यू जॉन्सन यांना गेली. नाहीतर लिंकन यांच्या हत्येनंतर स्मिथच राष्ट्राध्यक्ष झाले असते!

उमेदवार ठरवणाऱ्या लिंकन यांच्या पक्षाच्या बाल्टिमोर अधिवेशनातली मोजणी नोंदलेली आहे. एकूण मते ५१९. पहिल्या फेरीत जॉन्सन २००, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष हॅम्लिन १५०, न्यूयॉर्कचे डिकिन्सन १०८, बाकीची किरकोळ वाटली गेली. या यादीत स्मिथ यांचे नावच नाही. केंटकीची २१ मतेसुद्धा पडली ती तिथलेच सेनानी लव्हेल रूसो यांना. मग राज्यामागून राज्ये जॉन्सनकडे वळली, केंटकीही वळली, आणि शेवटी जवळजवळ सगळी मते त्यांचीच झाली. एका मताची चुरस मुळात कोणत्या टप्प्यावर होती, हे या गोष्टीत कुठेच सांगितलेले नसते.

पद हुकल्याच्या निराशेने ते धर्माकडे वळले, असेही याला जोडले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. त्यानंतर ते पुन्हा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. १८६६ मध्ये त्याच जॉन्सन यांनी त्यांना मोंटाना प्रदेशाचे गव्हर्नर नेमले. धर्मसेवेची दीक्षा आली ती १८६९ मध्ये. शिवाय राजकारण कायमचे सुटलेही नाही: १८७६ मध्ये दारूबंदी पक्षाने त्यांना थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. देशभरातून मिळालेली मते दहा हजारांच्या आत, तरी उभे राहिले. शेवटची वर्षे त्यांनी वॉशिंग्टनच्या एका बाप्टिस्ट मंडळीचे पाळक म्हणून घालवली.

मला खरी खंत वेगळीच वाटते. तरुणपणी मॅडिसन काउंटीत चार वर्षे शाळा आयुक्त राहिलेल्या, यादवी युद्धात घोडदळाचे कर्नल झालेल्या या माणसाचे एक मत खरोखर मोलाचे ठरले, आणि ते कुणी सांगत नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. दोन-तृतीयांशासाठी ११७ हवी होती. जास्तीची पडली अवघी दोन. केंटकीत गुलामगिरी तेव्हाही कायदेशीर होती, तरी स्मिथ यांनी बाजूने मत दिले. त्यांच्या राज्याच्या विधिमंडळाने ती दुरुस्ती संमत केली १९७६ मध्ये.