‘मार्कर नॉर्मल, वर्षभर निर्धास्त’ म्हणे!

सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शुगरने रक्तवाहिन्या खराब व्हायला वीस वर्षं लागतात, त्यामुळे पंचविशीच्या आतल्यांनी डोळे-लघवी तपासण्यात पैसे घालवू नयेत. रक्तातले ‘रक्तवाहिन्यांचे मार्कर’ एकदा बघा, नॉर्मल आले की वर्षभर निर्धास्त. शिवाय रोज चमचाभर सांगलीची हळद घ्या, शिरा आतून साफ.

विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये मी सॅम्पल घेतो. परवा एक बाई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “दादा, एवढंच करा. लघवीचं राहू द्या.” मुलाला दहाव्या वर्षापासून इन्सुलिन चालू आहे.

आधी ‘वीस वर्षं’. टाइप 1 डायबेटिस (शरीरात इन्सुलिन बनणं जवळपास थांबतं तो) असलेल्या मुलांच्या आजाराला पाच वर्षं झाली की लघवीची तपासणी दरवर्षी करतात, ती उगाच नाही. टाइप 2 मध्ये तर निदान झाल्याबरोबर करतात, कारण शुगर कधीपासून वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. लहान वयात टाइप 2 झालेल्यांवर नजर ठेवणारा ‘टुडे’ नावाचा अमेरिकेतला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांचं सरासरी वय 26 होतं आणि 100 पैकी 60 जणांना डोळे, किडनी किंवा मज्जातंतूंचा किमान एक तरी त्रास सुरू झाला होता. सव्वीस!

आता मार्कर. इथे मेसेजवाला निम्मं खरं बोलतोय, म्हणून जरा थांबतो. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. शुगरने ते चिडलं की आयकॅम, व्हीकॅम, ई-सिलेक्टिन असे चिकट रेणू त्यावर उगवतात आणि थोडे रक्तात सुटतात. डायबेटिस असलेल्या तरुणांच्या गटात त्यांची सरासरी जास्त भरलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. पण मार्केट यार्डातला हळदीचा सरासरी दर कळला म्हणून तुमच्या पोत्याचा भाव कळतो का? निरोगी आणि आजारी लोकांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. एखाद्या पोराचं रक्त बघून ‘याच्या पुढे धोका’ म्हणावं अशी सर्वमान्य रेघ नाही. सीआरपी हा सुजेचा मार्कर तर साध्या गळवानेही वाढतो. संशोधनाला या चाचण्या कामाच्या आहेत. ‘नॉर्मल’ आल्या म्हणून डोळे तपासायचे टाळणं चूक.

कारण शरीर न कापता रक्तवाहिन्या थेट दिसतात, ते डोळ्याच्या पडद्यावर. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आत बघतात. (चार-पाच तास अंधुक दिसतं, गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.) किडनीसाठी सकाळची पहिली लघवी. तिच्यातल्या अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) यांचं प्रमाण 30 च्या वर गेलं की किडनीची गाळणी गळायला लागल्याची शंका येते. रक्तातलं क्रिएटिनिन तोवर बहुतेक वेळा नॉर्मलच असतं, लोक तेवढ्यावर फसतात.

हीसुद्धा चाचणी चकवते, हे मी कबूल करतो. ताप, पाळी, आदल्या दिवशीचा दमवणारा खेळ, यांतल्या कशानेही आकडा वर जातो. म्हणून एका रिपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त यावा लागतो.

हळदीचं थोडक्यात. ती आमटीत हवीच, पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, आणि त्याने शिरा ‘साफ’ होतात असं कुणी दाखवलेलं नाही. दाखवलंय ते वेगळंच: 1993 साली पूर्ण झालेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप 1 चे 13 ते 39 वयाचे 1,441 जण होते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, नऊच्या आसपास राहिलेल्यांपेक्षा सातच्या आसपास ठेवलेल्यांत डोळ्याच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला.

बाईंनी मार्करचं रद्द केलं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये एचबीएवनसीचं रक्त घेतलं आणि पोराच्या हातात डबी दिली. “उद्या सकाळी उठल्या उठल्या.”

“आज संध्याकाळी कबड्डीची मॅच आहे.”

“मग परवा आण.”